खिडकीला काचेऐवजी ॲक्रिलिक: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गिरगावात आमच्या चाळीत पोरांचं क्रिकेट गॅलरीतच चालतं, त्यामुळे तावदानं फुटायचीच. घरात रांगतं बाळ आल्यावर मात्र काचांची धास्ती वाटायला लागली. म्हणून सुट्टी लागण्याआधी गॅलरीकडच्या दोन्ही खिडक्यांना ४ मिमीची कास्ट ॲक्रिलिक शीट (साच्यात ओतून केलेलं काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) बसवून घेतली.

बॉल कित्येकदा आपटला, तावदानाला काही झालं नाही. ॲक्रिलिक अजिबात फुटत नाही असं नाही, पण फुटलं तरी काचेसारखा चुरा घरभर होत नाही. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे जुन्या झडपांच्या बिजागऱ्यांवरचा ताण गेला. ९२ टक्के उजेड आत येतो. कापलेली कड बघा: साध्या काचेची हिरवट दिसते, याची स्वच्छ पांढरी.

आता बसवण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. उन्हाने ॲक्रिलिक काचेच्या सातेक पट प्रसरण पावतं. मीटरभर शीट ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिमी वाढते. चौकटीत घट्ट ठोकली तर फुगून वाकणारच. आमच्या सुताराने चारी बाजूंनी फट सोडली आणि स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली. मे महिन्यात शीट जराही वाकली नाही. जोराच्या पावसात ती किंचित थरथरते, बोटाने दाबली तर लवते. मोठ्या खिडकीला ६ मिमीच घ्या.

चरे हा खरा त्रास. रस्त्याची धूळ बसलेली असताना कोरडं फडकं फिरवलं की बारीक रेघा उठतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या सगळ्या दिसतात. आधी पाणी ओतून धूळ घालवायची, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे, सॅनिटायझर, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, केसासारख्या चिरा पडतात. पुसल्यावर स्थिर विजेमुळे धूळ परत चिकटते, तेवढं सोसावं लागतं.

शेगडीजवळच्या खिडकीला आम्ही काचच ठेवली आहे. शंभरेक अंशांला ॲक्रिलिक मऊ पडतं आणि ज्वाळा लागली तर पेटतं. तिथे ते कुणीही बसवू नये, दुकानदार काहीही म्हणो.