साबण, कडुनिंब की बीटी? आधी पान उलटं करून बघा

रासायनिक औषध मारायचं नाही एवढं ठरलं की पुढचा प्रश्न उभाच असतो: मग मारायचं काय? कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, बीटी हा अळ्या मारणारा जिवाणू, चिकट सापळे. प्रत्येकाचे भक्त आहेत, आणि 'काडीचाही उपयोग झाला नाही' म्हणणारेही आहेत. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. उपाय तोच, कीड वेगळी.

म्हणून बाटली निवडण्याआधी पान उलटं करून बघा. भोकं, कुरतडलेल्या कडा आणि जवळपास काळसर बारीक लेंड्या दिसल्या, तर कुठेतरी अळी दडली आहे. पान आक्रसलेलं, पिवळट, हाताला चिकट लागत असेल, तर रस शोषणारी मंडळी आहेत: मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खालून तलम जाळी असेल तर लाल कोळी. हा तर कीटकही नाही, आठ पायांचा प्राणी आहे.

रसशोषक किडींसाठी खरी निवड साबण आणि कडुनिंब यांच्यात आहे. दोन्ही फवारायचे, दोन्ही घरात मिसळता येतात, त्यामुळे लोक त्यांना एकमेकांचे पर्याय समजतात. काम मात्र अगदी उलट पद्धतीने करतात.

साबणाचं पाणी अंगावर पडलं तरच मारतं. त्यातले स्निग्धाम्लांचे क्षार किडीच्या अंगावरचा मेणचट थर आणि पेशींची आवरणं फोडतात. मऊ अंगाची कीड काही तासांत संपते. पण पानावर पडलेलं द्रावण सुकलं की त्याचं काम संपलं. संध्याकाळी फवारलंत आणि सकाळी नवा मावा येऊन बसला तर त्याला काहीही होत नाही. अंडीही बहुतेक वाचतात. म्हणून पानांची खालची बाजू चिंब भिजली पाहिजे आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारलं पाहिजे. मावा पिल्लं थेट जन्माला घालतो, नराचीही गरज नसते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतात. एकाच फवारणीवर समाधान मानणाऱ्याची निराशा ठरलेली.

प्रमाण एक ते दोन टक्के, म्हणजे लिटरला 10 ते 20 मिलिलिटर द्रवरूप पोटॅशियम साबण. कपड्यांचा किंवा भांड्यांचा डिटर्जंट म्हणजे साबण नव्हे. तो पानाचंही मेण धुऊन नेतो. पाणी जड असेल तर साबण फुटून साका धरतो आणि फवारणी वाया जाते. अशा वेळी पावसाचं पाणी उत्तम.

कडुनिंबाची गोष्ट संथ आहे. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं की आजूबाजूचं सगळं फस्त झालं, कडुनिंब मात्र हिरवागार उभा. टोळ झाडावर बसत होते, खात नव्हते. अ‍ॅझाडिरॅक्टिन या कडुनिंबातल्या द्रव्याचं पहिलं काम हेच, खाणं बंद करायला लावणं. दुसरं, कात टाकण्याच्या संप्रेरकात ते गोंधळ घालतं, त्यामुळे पिल्लं मोठी होऊ शकत नाहीत. प्रौढ कीड लगेच मरून पडत नाही. 'चार दिवस झाले, अजून फिरतेय' ही तक्रार म्हणूनच येते. ती फिरत असेल, पण पुढची पिढी थांबत असते. ऊन मात्र अ‍ॅझाडिरॅक्टिनचं वैरी आहे: पानावर एक ते अडीच दिवसांत ते निम्मं उरतं. बाटली घेताना एक बघा. शुद्ध करून अ‍ॅझाडिरॅक्टिन काढून घेतलेलं कडुनिंबाचं तेलही मिळतं. ते तेल म्हणून कीड गुदमरवतं, पण वाढ रोखत नाही. लेबलवर अ‍ॅझाडिरॅक्टिनचा आकडा असला पाहिजे.

माझं मत विचाराल तर झाड माव्याने काळवंडलं असेल तेव्हा कडुनिंब काढूच नका. आधी पाण्याचा जोरदार झोत मारा, मग साबण. कीड नुकती दिसू लागली असेल, पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखाली असतील, तर लिटरला 5 मिलिलिटर तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा साबण, आणि द्रावण त्याच दिवशी संपवायचं. लाल कोळ्याला कोरडी, तापलेली हवा आवडते. तिथे दर दोन-तीन दिवसांनी पानं खालून पाण्याने धुणंच अर्धं काम करतं.

दोन्ही फवारण्या भर उन्हात केल्या तर पानं करपतात. काही झाडांना तर साबण सावलीतही सोसत नाही. माझा हंसराज एका रात्रीत तपकिरी झाला, तेव्हापासून आधी एका पानावर फवारून दिवसभर थांबतो.

अळ्यांपुढे साबण जवळजवळ निरुपयोगी. तिथे बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. अळीने फवारलेलं पान खाल्लं पाहिजे. तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्यातलं विष जागं होतं, काही तासांत खाणं थांबतं आणि दोन ते पाच दिवसांत अळी मरते. मधमाश्यांना त्याचा धोका नाही. घेताना 'कुर्स्टाकी' हा प्रकार बघा, 'इस्रायलेन्सिस' डासांच्या अळ्यांसाठी असतो. लहान अळ्यांवरच ते नीट चालतं. बोटभर लांब झालेली अळी हाताने उचललेली बरी. आणि हो, फुलपाखराची अळी त्याच्यासाठी वेगळी नसते. बाग फुलपाखरांसाठी लावली असेल तर हाताने वेचणं हाच मार्ग.

पिवळे चिकट सापळे कीड आलीय हे सांगतात, ती संपवत नाहीत. लसूण-मिरचीच्या पाण्याचा भरवसा नाही. तंबाखूचा काढा मात्र टाळाच. निकोटिन नैसर्गिक असलं तरी माणसालाही विष आहे, शिवाय टोमॅटो-मिरचीला तंबाखूतून विषाणू लागू शकतो.

राहिला काहीच न फवारण्याचा पर्याय, आणि तो आळशीपणाचा नाही. 1888 साली ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या ढालकिड्यांनी, म्हणजे लेडीबर्डच्या एका जातीने, तिथल्या लिंबूवर्गीय बागा खवले किडीपासून वाचवल्या. पुढे 1940 च्या दशकात बागांवर डीडीटी फवारलं तेव्हा ढालकिडे मेले आणि कीड परत आली. झाड तग धरून असेल तर आठवडाभर थांबा. मुंग्यांची रांग तेवढी तोडा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

थांबताना ओळखीची चूक होते, माझीही झाली. जास्वंदीवरचे पांढरे, कापसासारखे किडे मी साबणाने धुऊन काढले. त्यातले बरेच क्रिप्टोलेमसच्या अळ्या होत्या, म्हणजे पिठ्या ढेकूण खाणाऱ्या, दिसायला अगदी पिठ्या ढेकणासारख्याच. आता काडीने हळूच डिवचून बघतो. पिठ्या ढेकूण जागचा जेमतेम हलतो. अळी मोठी असते, तिचे मेणाचे धागे लांब असतात, आणि ती तुरुतुरु पळते.