शॉर्टलिस्टमध्ये आलात, आता रशेस पाठवा

गेल्या मे महिन्यात मसाल्याच्या एका ब्रँडच्या जाहिरात स्पर्धेची लिंक माझ्याकडे आली. स्वतंत्र फिल्ममेकर्सनी आपल्या खर्चाने साठ सेकंदांची फिल्म करायची, त्यातली आवडेल ती ब्रँड 3 लाखांना विकत घेणार. सगळा व्यवहार मधल्या एका कंपनीमार्फत होता. तिथला माणूस फोनवर डोरिटोसचं उदाहरण द्यायचा, आणि ते खरंच आहे. त्या चिप्सवाल्यांनी 2007 ते 2016 या काळात सुपर बोलसाठी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी, सामान्य लोकांकडून जाहिराती मागवल्या. 2009 मध्ये इंडियानातल्या दोन भावांनी त्यातून 10 लाख डॉलर मिळवले. मी आणि माझी एडिटर मैत्रीण, आम्ही दोघंही त्यावर भाळलो.

शूट लालबागला केलं. मसाल्याचा मोसम होता, गल्लीत कांडपाचा खणखणाट, हवेत मिरचीचा ठसका. मैत्रिणीची मावशी तिथल्याच चाळीत राहते. फिल्ममध्ये ती दुबईतल्या मुलीला फोनवर मसाल्याचं प्रमाण सांगते. मुलगी ग्रॅम विचारते, मावशी फोनसमोर मूठ धरते. बस, एवढीच कल्पना. मावशीच्या मनगटावर तव्याचा जुना चटका आहे, त्या मुठीचा क्लोजअप आम्ही मुद्दाम खिडकीच्या उजेडात घेतला. कॅमेरा, लेन्स आणि दोन लाइट अंधेरीहून भाड्याने आणले होते. साउंडवाला आणि जेवण धरून खर्च 46 हजारांवर गेला.

जूनमध्ये मेल आला, शॉर्टलिस्ट झालात. आनंदात आम्ही पुढच्या सगळ्या मागण्या मान्य केल्या. आधी वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटवलेली मालकीची खूण, काढलेली फाइल मागितली. मग लोगो मोठा करा, शेवट बदला, असे तीन फेरे. शेवटी ‘ब्रँडच्या टीमला दुसरा एडिट करून बघायचा आहे’ म्हणून सगळे रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, आणि एडिटची प्रोजेक्ट फाइल मागितली. हार्ड डिस्क मी स्वतः लोअर परळच्या ऑफिसात नेऊन दिली. पोच मागितली नाही. निकाल आधी पंधरा दिवस पुढे गेला, मग महिनाभर. मग त्या माणसाने फोन उचलणंच सोडलं.

दिवाळीच्या आधी मावशीनेच फोन केला. ‘अरे, मोबाइलवर माझा हात दिसतोय.’ जाहिरात हिंदीत होती, वीस सेकंदांची. त्यात चेहरा एका मॉडेलचा, स्वयंपाकघर चकचकीत, आवाज दुसऱ्याच बाईचा. पण मूठ मावशीची, चटक्यासकट.

यूट्यूबवर कॉपीराइटची तक्रार केली, व्हिडिओ उतरला. कंपनीने तक्रार चुकीची आहे अशी उलट नोटीस टाकली आणि सोबत स्पर्धेच्या अटी जोडल्या. त्यातली एक ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. जिंकलेली असो वा नसो, पाठवलेली प्रत्येक एन्ट्री आणि तिच्यासोबतचं सगळं साहित्य प्रायोजकाचं, जगभर, कायमचं. यूट्यूबवर अशी उलट नोटीस आली की तक्रारदाराला 10 कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. व्हिडिओ परत वर आला.

वकील मॅडमना भेटलो तेव्हा फार उशीर झाला होता, तरी त्यांनी सांगितलेलं तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेबसाइटवरची टिक म्हणजे सही का, यावर भांडता येतं, पण भांडायला कोर्टातच जावं लागतं. नुसती कल्पना चोरली तर कायदा हातात काही देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगून ठेवलंय. चित्रित केलेला शॉट मात्र तुमचा असतो.

म्हणून अटींमध्ये आधी न जिंकलेल्या एन्ट्रीचं काय होतं ते शोधा. तिथे ‘प्रायोजकाची मालकी’ दिसली तर बक्षीस कितीही मोठं असो, फिल्म पाठवू नका. करार हातात येईपर्यंत फक्त वॉटरमार्क असलेली, कमी रिझोल्यूशनची फाइल द्या. रशेस आणि प्रोजेक्ट फाइल पैसे खात्यात जमा झाल्यावरच. आणि ज्यांच्याकडून काम करून घेता त्यांचं संमतिपत्र घ्या, कुठल्या जाहिरातीसाठी ते त्यात लिहा, घरचं माणूस असलं तरी. मावशीचं आम्ही घेतलं नव्हतं. ते असतं तर तिच्या हाताबद्दल निदान कागदावर बोट ठेवून बोलता आलं असतं.

पाडव्याला आम्ही दोघं मावशीकडे गेलो. जमवलेले 5 हजार रुपये पाकिटात घालून दिले. तिने पाकीट देवापाशी ठेवलं आणि विचारलं, ‘त्यांनी तुम्हाला किती दिले रे?’