पीआरपी, एक्सोसोम, सालमन डीएनए: स्किन क्लिनिकमधल्या ‘रिजुव्हेनेशन पॅकेज’चं परीक्षण

पॅकेजचं नाव ‘रिजेनरेटिव्ह ग्लो’ असो, ‘व्हॅम्पायर फेशियल’ असो की ‘कोरियन स्किन बूस्टर’, आत बहुधा चारपैकी एक गोष्ट असते. तुमच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी (प्लेटलेट दाटवलेला प्लाझ्मा), एक्सोसोमची म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांची वायल, माशाच्या डीएनएपासून केलेलं पीडीआरएन किंवा पीएन, नाहीतर त्वचेला कोलाजन तयार करायला लावणारं पीएलएलए वा कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं इंजेक्शन.

निकाल आधीच सांगून टाकतो. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांच्या पेनने त्वचेला सूक्ष्म छिद्रं पाडणं) आणि त्याच्या जोडीला नीट काढलेलं पीआरपी यावर पैसे घालावेत. बारीक सुरकुत्या आणि निस्तेज त्वचेवर याचा फायदा माफक आहे. वांगासाठी हा पहिला उपाय नव्हेच. लोंबणारी हनुवटी आणि गळ्याची सैल कातडी याने वर जात नाही, कोणी कितीही फोटो दाखवले तरी. एक्सोसोमला पीआरपीच्या कित्येक पट पैसे मोजावेत इतका पुरावा आज तरी हाती नाही.

या निकालात ‘नीट काढलेलं’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. सामान्य रक्तात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात असं मानलं जातं. आता साधा हिशेब करा. तुमच्या प्लेटलेट अडीच लाख आहेत आणि क्लिनिकने 20 मिली रक्त घेतलं. ते सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा गरगर फिरवून निम्म्या प्लेटलेट हाती आल्या आणि त्या अडीच मिली द्रवात गोळा केल्या, तर मायक्रोलिटरला दहा लाख भरतात. दुसरीकडे 8 मिलीची एकच जेल ट्यूब घेतली, एकदाच फिरवली आणि वर आलेला साडेतीन मिली पिवळा द्रव सगळाच्या सगळा सिरिंजमध्ये ओढला. त्यात 80 टक्के प्लेटलेट आल्या असं धरलं तरी आकडा साडेचार लाखांच्या पुढे फारसा जात नाही, म्हणजे मूळ रक्ताच्या दुप्पटही नाही. दोन्हींचं बिल मात्र पीआरपीचंच होतं. त्यामुळे पहिले दोन प्रश्न हेच विचारा: रक्त किती घेणार, आणि त्यातून पीआरपी किती काढणार? रक्ताच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका द्रव निघणं रास्त. 10 मिली रक्तातून 4 मिली ‘पीआरपी’ निघत असेल तर तो बराचसा नुसता प्लाझ्मा आहे.

दोनदा फिरवण्याच्या पद्धतीत पहिली फेरी हलकी असते. तांबड्या पेशी खाली बसतात, वर प्लाझ्मा राहतो, मधे बफी कोटचा पांढुरका पातळ थर येतो. वरचा प्लाझ्मा थराजवळच्या भागासकट दुसऱ्या निर्जंतुक ट्यूबमध्ये घ्यायचा. दुसरी फेरी जोराची असते, तिच्यात प्लेटलेट तळाला बसतात. मग वरचा सुमारे दोनतृतीयांश द्रव काढून टाकायचा आणि उरलेल्यात तळाच्या प्लेटलेट हलक्या हाताने मिसळायच्या. घाई झाली की नेमका हा वरचा द्रव टाकायचाच राहतो, आणि पीआरपी पातळ होतं.

सेंट्रिफ्यूजवर आरपीएम (मिनिटाला किती फेरे) लिहिलेले असतात, पण आरपीएमने काही सिद्ध होत नाही. जोर रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. 3000 आरपीएमला 10 सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये सुमारे 1000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट) इतका जोर मिळतो, 15 सेंटिमीटरच्या रोटरमध्ये तो 1500 जी होतो. एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनवर जसाच्या तसा वापरला तर प्लेटलेट एक तर नीट वेगळ्या होत नाहीत, नाहीतर वापराआधीच फुटतात. तयार द्रव लालसर दिसत असेल तर त्यात तांबड्या पेशी आल्या आहेत. खड्ड्यांवर वापरताना तो गवती पिवळा असलेला बरा. रक्त काढताना सुई सारखी हलवली, रक्त थेंब थेंब आलं, तर ते ट्यूबमध्येच गोठू लागतं. तसं झालं तर ती ट्यूब टाकून द्यावी, आणि चांगलं क्लिनिक ती टाकतं.

जीएफसी (ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट) हा पीआरपीचाच सख्खा भाऊ. खास किटच्या ट्यूबमध्ये प्लेटलेट चेतवून त्यांच्यातले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं, द्रवात उतरवतात आणि पेशी मागे ठेवतात. इंजेक्शन थोडं कमी झोंबतं, द्रव स्वच्छ दिसतो. पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) या तिसऱ्या प्रकारात रक्त न गोठू देणारं औषध घालतच नाहीत, म्हणून रक्त काढल्याबरोबर ट्यूब मशीनमध्ये जायला हवी. काउंटरवर ती पाच मिनिटं पडून राहिली तर पुढचं सगळं वाया.

तुमच्या बाजूने तयारी अशी: आधी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून घ्या. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याची खात्री झाल्याशिवाय सिटिंग घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आठवडाभर आधीपासून टाळा, कारण त्यांनी प्लेटलेटचं काम मंदावतं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, चेहऱ्यासाठी तर नाहीच. आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, ओठांवर वरचेवर नागीण उठत असेल, जखमेचे व्रण फुगून वर येत असतील किंवा दिवस गेले असतील तर हे सगळं आधी सांगा. पिकलेले मुरुम असतील त्या दिवशी सुई नको. सुई तो पू गालभर पसरवते.

आता सुई. सिटिंगचा अर्ध्याहून जास्त परिणाम मायक्रोनीडलिंगनेच होतो, पीआरपी ही त्यावरची भर आहे. सुन्न करणारी क्रीम (लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के) 45 ते 60 मिनिटं लावून ठेवायची आणि सुई लावण्याआधी पूर्ण पुसायची. क्रीमचा थर राहिला तर तो सुईसोबत आत जातो. तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, गरगरणं असं काही वाटलं तर लगेच सांगा, औषध रक्तात जास्त गेल्याची ही लक्षणं आहेत.

खोली सगळीकडे सारखी ठेवत नाहीत. कपाळ आणि नाकावर अर्धा ते एक मिलिमीटर, गालावर एक ते दीड, जुन्या खड्ड्यांवर दीड ते दोन, डोळ्यांखाली जेमतेम पाव ते अर्धा. पेन त्वचेवर काटकोनात धरून उभं, आडवं, तिरपं फिरवतात. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की थांबायचं. रक्ताचे ओघळ येईपर्यंत फिरवणं म्हणजे जास्त फायदा नव्हे. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याची किंमत दोन ते चार आठवड्यांनी काळ्या डागांच्या रूपाने मोजावी लागते. पेन तिरपं धरून ओढलं तर रुळांसारख्या समांतर रेघा उमटतात आणि त्या लवकर जात नाहीत.

त्या वेळी त्वचेवर घसरण्यासाठी काय लावतात तेही पाहा. पीआरपी, निर्जंतुक सलाइन किंवा साधं निर्जंतुक हायलुरॉनिक अ‍ॅसिड एवढंच चालतं. वरून लावायचं सुगंधी सीरम किंवा व्हिटॅमिन सी सुईबरोबर आत ढकललं तर शरीर त्याला परकं समजून गाठी धरतं. मायक्रोनीडलिंगनंतर चेहऱ्यावर अशा गाठी आलेल्या 3 स्त्रियांची नोंद 2014 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. हे सीरम ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणून मिळत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

स्वच्छतेच्या बाबतीत भीड बाळगू नका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क इथे एका विनापरवाना स्पामध्ये व्हॅम्पायर फेशियल, म्हणजे हेच पीआरपी-मायक्रोनीडलिंग, घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. तो स्पा 2018 मध्ये बंद झाला आणि तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल 2024 मध्ये त्यावर अहवाल काढला. तपासात नाव नसलेल्या रक्ताच्या ट्यूब आणि उघड्या सिरिंज सापडल्या होत्या. म्हणून ट्यूबवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं पाहिजे. पेनची टिप सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे, आणि नंतर सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात पडलेल्या दिसल्या पाहिजेत. ‘टिप तुमचीच आहे, पुढच्या वेळी वापरू’ हे वाक्य ऐकलं तर उठून यावं. टिपमध्ये रक्त मागे शिरू न देणारा पडदा आहे का, हेही विचारा. तो नसेल तर रक्त पेनच्या मुठीत जातं आणि मूठ बदलली जात नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

एक्सोसोमकडे वळू. पेशींनी बाहेर सोडलेल्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या या पिशव्या, आत प्रथिनं आणि आरएनए. कल्पना खरोखर चांगली आहे आणि प्रयोगशाळेतलं काम कुतूहल वाढवणारं आहे. अडचण वायलमध्ये आहे. काही वायल माणसाच्या चरबीतल्या किंवा नाळेतल्या मूळ पेशींपासून केलेल्या असतात, काही गुलाबाच्या पेशींपासून. या दोन्ही एकच वस्तू नाहीत, तरी मेन्यूकार्डावर एकाच नावाखाली बसतात. लेबलवर ‘इतके अब्ज’ असा आकडा असतो. कण मोजणारं यंत्र त्या आकाराचा प्रत्येक कण मोजतं, मग तो एक्सोसोम असो की प्रथिनाचा गोळा. त्यामुळे दोन कंपन्यांचे अब्ज एकमेकांशी ताडता येत नाहीत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये एक्सोसोम उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता. कोरियातही ही उत्पादनं वरून लावायची सौंदर्यप्रसाधनं म्हणून विकली जातात, इंजेक्शन म्हणून नव्हे. वायल हातात मागा आणि ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलंय का ते वाचा. छापलं असेल आणि तरी ती सिरिंजमध्ये भरली जात असेल तर ते करून घेऊ नका. आणि ‘स्टेम सेल फेशियल’ अशी पाटी असेल तर तिथे वेळच घालवू नका. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूळ पेशींचा वापर मंजूर चाचण्यांपुरताच आहे.

पीडीआरएन आणि पीएन, बोलीभाषेत सालमन डीएनए, हे सालमन आणि ट्राउट माशांच्या शुक्रपेशींतून शुद्ध केलेले डीएनएचे तुकडे. जखम भरण्यासाठी यांचा वापर जुना आहे, म्हणून एक्सोसोमपेक्षा याची बाजू आम्हाला जास्त भक्कम वाटते. पातळ, कोरड्या आणि डोळ्यांखालच्या त्वचेवर पोत सुधारतो. 2 मिलीच्या सिरिंजमधून बारीक सुईने सेंटिमीटरभर अंतरावर छोटे छोटे फुगवटे उठवत जातात. दुखतं, चांगलंच दुखतं, आणि फुगवटे एक ते तीन दिवस दिसतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने तीन-चार सिटिंग लागतात. माशांची अ‍ॅलर्जी असेल तर अजिबात नको. पीडीआरएनच्या क्रीमवर मात्र पैसे घालवू नका. हे रेणू 50 ते 1500 किलोडाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप, किलो म्हणजे हजार) असतात आणि अखंड त्वचेतून पाचशे डाल्टनच्या वरचं काही सहसा आत जात नाही.

पीएलएलए आणि कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हा वेगळाच वर्ग आहे, गालातला भराव कमी झालेल्यांसाठी. अमेरिकेत पीएलएलएला 2004 मध्ये एचआयव्हीमुळे बसलेल्या गालांसाठी आणि 2009 मध्ये सौंदर्यासाठी मान्यता मिळाली. कमी पाण्यात कालवलं किंवा फार वरच्या थरात टोचलं तर गाठी होतात. म्हणून नंतर पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस मालिश करायला सांगतात. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर इंजेक्शनने विरघळवता येतो, हे दोन्ही नाहीत. चुकून धमनीत गेलं तर कातडी मरू शकते, नजर जाऊ शकते. इथे हात अनुभवी डॉक्टरांचाच हवा, सवलतीचा विचारही नको.

वेळापत्रकाबद्दल. पीआरपी-मायक्रोनीडलिंगच्या तीन सिटिंग, चार-चार आठवड्यांच्या अंतराने. पहिल्या चार दिवसांत दिसणारी टवटवी ही सूज असते, कोलाजन नव्हे. खरा फरक तिसऱ्या महिन्यात दिसू लागतो. म्हणून लग्न डिसेंबरात असेल तर सुरुवात ऑगस्टमध्ये करा, आणि शेवटची सिटिंग हळदीच्या किमान चार आठवडे आधी घ्या. सुईनंतर आठवडाभर उटणं, स्क्रब, थ्रेडिंग, रेटिनॉल, ग्लायकॉलिक अ‍ॅसिड सगळं बंद. पहिले चार ते सहा तास चेहरा धुऊ नका, पहिला दिवस मेकअप नको, दोन दिवस जिम आणि पोहणं नको. दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं. वांगाची प्रवृत्ती असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं निवडा, कारण नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे तर दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो. मार्च ते मे दुपारी उन्हात हिंडायचं काम असेल तर सिटिंग पुढे ढकला.

सहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका. एकेक भरा. पहिल्या सिटिंगआधी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, मेकअपशिवाय समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. खड्डे दिसायला उजेड बाजूने हवा, समोरच्या फ्लॅशमध्ये ते लपतात. तिसऱ्या सिटिंगनंतर तीन महिन्यांनी तसेच फोटो पुन्हा काढा आणि चौथी घ्यायची की नाही ते त्यावरून ठरवा.