भाड्यासाठी सदनिका की दुकानाचा गाळा?
पुण्यात गाळ्याचे भाडे किमतीच्या प्रमाणात बहुधा जास्त मिळते, आणि गळके नळ, भिंतीची ओल असल्या दुरुस्त्याही मालकाच्या माथी कमी येतात. मात्र भाडेकरू गेला, की शटर महिनोन्महिने बंद राहू शकते. सदनिका तुलनेने लवकर भरते. माझ्या मते खरा फरक ताबा परत मिळण्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार, निवासी परवान्याची (म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ भाडेकराराची) मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. गाळ्याला ही सोय नाही, तिथे न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मात्र दोन्हीकडे, कलम ५५ प्रमाणे, मालकाचीच आहे.