बाहुलीच्या आतला सांगाडा: बॉल-सॉकेट आर्मेचर किट, सात महिने वापरल्यावर

वायरची बाहुली मोडते ती नेमकी शॉटच्या मधोमध. मी स्टॉप-मोशन चित्रपट करते, म्हणजे बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. माझी बाहुली म्हणजे एक म्हातारा शिंपी, तो खुर्चीवरून उठत होता. सेकंदाला 12 पोझ आणि आठ सेकंदांचा शॉट, म्हणजे त्याला 96 वेळा तसूभर हलवायचं. एकसष्टाव्या पोझला कोपरातली ॲल्युमिनियमची तार बाहीच्या आतच तुटली. बाहेरून काही कळत नव्हतं, पण हात उचलला की लुळा पडायचा. नवी तार घालून पुन्हा तीच पोझ तंतोतंत जुळवणं मला जमलं नाही, शॉट पहिल्यापासून घ्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी मी हा किट मागवला.

डब्यात स्टीलच्या गोळ्या लावलेल्या दांड्या, जोडीजोडीने पट्ट्या, गुडघ्या-कोपरांसाठी बिजागऱ्या, छातीचा आणि कमरेचा ठोकळा, पावलं आणि स्क्रू आवळायची एक षटकोनी किल्ली (ॲलन की). दोन पट्ट्यांच्या भोकांत गोळी बसते आणि मधला स्क्रू आवळला की पकड घट्ट होते. जोडणीला दोन संध्याकाळी लागल्या. सोबतच्या कागदावर फक्त चित्रं आहेत, आणि कुठला सांधा किती आवळायचा हे त्यात कुठेच नाही. खरं काम तर तेच आहे.

ते मी चुकत चुकत शिकले. कंबर आणि खुबे सगळ्यांत घट्ट, खांदा त्याहून सैल, मनगट सगळ्यांत सैल. मनगटाला बोट लावलं की फक्त मनगटच हललं पाहिजे. खांदा सोबत सरकला तर आधीच्या वीस पोझ वाया. मी हात आडवा धरून सोडते. तो खाली झुकला तर स्क्रू पाव फेरा आवळायचा, आणि हलवताना जोर लावावा लागला तर तेवढाच सैल करायचा. रोज काम सुरू करण्याआधी हे सगळ्या सांध्यांना करते.

आता या किटचं खरं मोल. तार वाकवून सोडली की केसभर मागे येते, म्हणून दर वेळी अंदाजाने थोडी जास्त वाकवावी लागते. गोळीचा सांधा जिथे सोडाल तिथेच राहतो. शिंपी सुईत दोरा ओवतो त्या शॉटमध्ये मला हे पहिल्यांदा जाणवलं. दोऱ्याचं टोक सुईजवळ येतं, थबकतं, पुन्हा पुढे सरकतं. ते थबकणं मला तारेत कधीच मिळालं नव्हतं, तिथे हात थरथरल्यासारखा दिसायचा.

किट जोडताना, चित्रपटांतले राक्षस असेच पोझ-पोझने हलवणारे ॲनिमेटर रे हॅरीहाउसेन मला सतत आठवत होते. 1920 साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या या माणसाने तेराव्या वर्षी ‘किंग काँग’ पाहिला आणि आयुष्यभर हेच काम केलं. सुरुवातीला परीकथांवरचे छोटे चित्रपट घरीच बनवले. बाहुल्यांचे कपडे आई शिवायची. वडील मशिनिस्ट, ते मुलाने काढलेल्या आराखड्यावरून धातूचे सांधे घडवून द्यायचे. मला ही गोष्ट त्यांच्या कुठल्याही राक्षसापेक्षा जवळची वाटते. 1963 च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मध्ये हाडांचे सात सांगाडे तीन माणसांशी तलवारींनी लढतात. चित्रपटात ती लढाई काही मिनिटांतच आटोपते, पण सांगाडे हलवायला त्यांना साडेचार महिने लागले. आधी चित्रित केलेल्या माणसांच्या वाराशी प्रत्येक सांगाड्याचा वार जुळवायचा, तोही एकट्याने. सांधा जरा जरी ढिला असता तर ते शक्य नव्हतं. 1952 मध्ये सुरू केलेला त्यांचा ससा-कासवाचा चित्रपट अर्धवट राहिला होता. दोन तरुण ॲनिमेटर्सना सोबत घेऊन तो 2002 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते.

आता तक्रारी. घोटा कच्चा आहे. बाहुली एका पायावर उभी राहते तेव्हा सगळा भार तिथेच येतो. चौथ्या महिन्यात डाव्या घोट्याच्या स्क्रूचे आटे गेले आणि शिंपी चालता चालता पुढे कलला. कंपनीला फोटो पाठवले. नवा घोटा विनामूल्य आला, पण तीन आठवड्यांनी, आणि त्यासोबतचा स्क्रू आखूड निघाला. योग्य मापाचा मी हार्डवेअरच्या दुकानातून आणला. तळव्यात खालून बोल्ट बसवायला एकच भोक आहे. त्यामुळे पाऊल टेबलाला पक्कं बसतं, पण स्वतःभोवती फिरतं. टाचेकडे दुसरं भोक असतं तर हा प्रश्नच आला नसता. हाताचे पंजे किटमध्ये नाहीत. मी बोटं अजूनही बारीक तारेचीच करते आणि ती बदलता येतील अशी खोबणीत बसवते.

पहिलीच बाहुली करणाऱ्याने मात्र हा घेऊ नये. आधी तारेच्या दोन-तीन बाहुल्या मोडाव्यात, कुठला सांधा सारखा दमतो ते कळेल, मग स्क्रू आवळताना हाताला अंदाज येतो. ज्याला एकच पात्र घेऊन महिनोन्‌महिने काम करायचंय, त्याने जरूर घ्यावा. खुबे, खांदे आणि मान यांना माझ्याकडून पूर्ण गुण. घोट्याला निम्मे.

खुर्चीवरून उठण्याचा शॉट गेल्या आठवड्यात पुन्हा घेतला. 96 च्या 96 पोझ सलग झाल्या. चौऱ्याऐंशीनंतर शिंपी पाठ सरळ करताना क्षणभर खुर्चीच्या पाठीवर हात टेकवतो. हे मी आधी ठरवलं नव्हतं.