निलंबित डोमेन: मालकाकडून आत्ता घ्यावं की सुटण्याची वाट पाहावी?

हवं असलेलं डोमेन नाव (वेबसाइटचा पत्ता) दुसऱ्याकडे आहे, साइट उघडत नाही आणि मालक म्हणतो, 'रजिस्ट्रारनं, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीनं थांबवलंय, स्वस्तात देतो.' अशा वेळी दोन वाटा असतात: मालकाकडून आत्ताच घेणं किंवा नाव मोकळं झाल्यावर नव्यानं नोंदवणं. यातली कुठली बरी, हे किमतीवरून ठरवू नका; निलंबन कशामुळे झालं त्यावरून ठरवा.

आयकॅन या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नोंदणी-शोधात नाव टाकलं की स्टेटसच्या ओळी दिसतात. निलंबनाच्या या खुणेला 'होल्ड' म्हणतात: 'क्लायंट होल्ड' रजिस्ट्रारनं लावलेला असतो, 'सर्व्हर होल्ड' रजिस्ट्रीनं, म्हणजे डॉट कॉमसारख्या शेपटाची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेनं. दुसरा असेल तर तो काढणं रजिस्ट्रारच्याही हातात नसतं. दोन्हींत नाव झोनमधून, म्हणजे इंटरनेटच्या चालू नावांच्या यादीतून बाहेर पडतं, त्यामुळे साइटबरोबर ईमेलही बंद होतो.

सर्वांत सोपं कारण म्हणजे संपर्काची पडताळणी राहून जाणं. नोंदणी केल्यावर किंवा संपर्क बदलल्यावर 15 दिवसांत ईमेलमधला दुवा उघडला नाही, की नाव थांबवलं जातं. मालकानं पडताळणी पूर्ण केली की ते पुन्हा सुरू होतं. अशा वेळी बिनधास्त मालकाकडूनच घ्या. फक्त पडताळणी सौद्याआधी करून घ्या.

निलंबनामागे फिशिंग (खोट्या पानांवरून माहिती चोरणं) किंवा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर पसरवणं) असेल तर मात्र हात आखडता घ्या. 5 एप्रिल 2024 पासून आयकॅनच्या करारानुसार, ठोस पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला कारवाई करावीच लागते. मालक बदलला म्हणून होल्ड आपोआप निघत नाही. शिवाय स्पॅमहॉस आणि गूगल सेफ ब्राउझिंग या धोकादायक नावांच्या याद्यांमध्येही नाव तपासायला हवं, कारण होल्ड निघाला तरी या याद्यांतून सुटका वेगळी मागावी लागते. वाट पाहिल्यानंही हा डाग धुतला जाईलच असं नाही. यादीत मालक नसतो, नाव असतं.

ट्रेडमार्कचा यूडीआरपी दावा (आयकॅनच्या नियमांखालचा डोमेन नावाचा वाद) चालू असेल तर सौदा करूच नका. दावा संपेपर्यंत आणि त्यानंतरचे 15 कामकाजाचे दिवस नाव नव्या मालकाकडे देता येत नाही.

वाट पाहण्याचं गणितही नीट मांडा. निलंबन म्हणजे मुदत संपणं नव्हे. नावाचे पैसे पुढच्या अनेक वर्षांचे भरलेले असू शकतात. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडे नूतनीकरणासाठी 45 दिवसांपर्यंतची वाढीव मुदत असते, मग 30 दिवस रिडेम्प्शन (मालकाला नाव सोडवून घेण्याची शेवटची संधी) आणि 5 दिवस 'पेंडिंग डिलीट' (नाव पुसलं जाण्याची वाट), म्हणजे कमाल 80 दिवस. त्यातले शेवटचे 5 दिवस सोडले तर मालक नाव परत मिळवू शकतो, किंवा रजिस्ट्रार रिडेम्प्शनच्या आधीच नाव लिलावात काढतो. म्हणून बॅकऑर्डर (नाव सुटताच ते आपल्यासाठी घेण्याची आगाऊ मागणी) एकाच ठिकाणी लावून निश्चिंत राहू नका. नव्यानं मिळालं तर नोंदणीची तारीख नवी होते; मालकाकडून घेतलं तर जुनी तारीख टिकते.

मालकाकडून घ्यायचं ठरलं तर आधी निलंबनाचं कारण आणि ते उठवण्याच्या अटी रजिस्ट्रारकडून लेखी मागा. रजिस्ट्रार तिऱ्हाइताशी बोलणार नाही, म्हणून ही विचारणा मालकाच्या खात्यातूनच व्हायला हवी. मालक टाळाटाळ करू लागला तर तिथंच थांबा. पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिऱ्हाइताकडे ठेवा आणि अट स्पष्ट लिहा: 'नाव माझ्या खात्यात, होल्ड निघालेला, नेमसर्व्हर (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणारा) बदलता येतोय.' नुसतं 'हस्तांतर झालं' एवढंच लिहिलं तर बंद पडलेलं नाव हातात येतं आणि पैसे मालकाला मिळून जातात.

खातं त्याच रजिस्ट्रारकडे उघडून आतल्या आत नाव हलवणं सोपं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ट्रान्सफर लॉक (नाव हलवण्यावरचं कुलूप) उघडा, ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त कोड) घ्या आणि सुमारे 5 दिवस धरून चाला. फसवणुकीचा पुरावा असेल तर जुना रजिस्ट्रार हे हस्तांतर नाकारूही शकतो.

नाव हाती आल्यावर नेमसर्व्हर बदलण्याआधी जुना डीएनएससेकचा (नावाची उत्तरं खरी असल्याची खात्री करणाऱ्या व्यवस्थेचा) डीएस रेकॉर्ड, म्हणजे जुन्या नेमसर्व्हरच्या किल्लीची नोंद काढा. तो राहिला, तर होल्ड निघूनही कित्येकांना साइट उघडणार नाही आणि तुम्ही निष्कारण रजिस्ट्रारकडे तक्रार करत बसाल.