मामा तलावाच्या पाळीवरची नारंगी फायबर टपरी

रेटिंग आधीच देऊन टाकतो. चहा चार, आलुबोंडा साडेचार, आणि ज्या टपरीत हे सगळं बनते त्या टपरीला पाचपैकी पाच. भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या रस्त्यानं आतल्या गावांकडे वळलं की एकामागून एक मामा तलाव लागतात (मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले, कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले), त्यातल्याच एकाच्या पाळीवर, अगदी पाण्याला लागून ही टपरी उभी आहे. गोल कोपऱ्यांची, नारंगी, आता उन्हानं फिकी पडलेली.

आलुबोंडा गरमच देतात आणि वरून चण्याची तर्री, तिखट आहे पण सावजीसारखं डोळ्यात पाणी आणणारं नाही. चहा जरा जास्त गोड होते, कमी साखर पाहिजे तर आधी सांगायचं. दिवाळीच्या सुमारास गेले तर उकडलेले शिंगाडे नक्की घ्या, त्याच तलावातले, ढिवर लोक सकाळी काढून आणतात, मी मागच्या खेपेला दोन पुडे तिथंच पाळीवर बसून संपवले.

आता टपरीबद्दल, कारण हा रिव्ह्यू त्याच्यासाठीच लिहून राहिलो. माझा धंदा फायबर कूलरच्या बॉड्यांचा, बावीस वर्षं झाली, त्यामुळे चहा हातात आला तरी माझं लक्ष भिंतीवर. हात फिरवून पाहिला. पूर्ण केबिन साच्यातून काढलेली आहे, दोन अर्धे तुकडे, आणि जोड असा आतल्या बाजूनं घेतला की बाहेरून एक बोल्ट दिसत नाही. पत्रा म्हणाल तर जाडी चार-पाच मिलिमीटर असेल, तरी दाबून पाहिलं तर लचकत नाही, कारण कुठंच सपाट भिंत ठेवलेली नाही, सगळीकडे बाक दिलाय आणि बाकातच ताकद असते, मडक्यासारखी. छताचं पाणी खिडकीवर न येता बाजूनं उतरावं म्हणून वरती बारीक पन्हाळसुद्धा त्याच साच्यात काढलीय. ज्यानं हा साचा बनवला तो कारागीर होता, त्याचं नाव कुठंच नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

टपरी चालवणाऱ्या काकू सांगतात, त्या लग्न होऊन गावात आल्या तेव्हा पण ही इथंच होती, बोटिंगच्या तिकिटासाठी आणलेली. बोटिंग बंद पडलं, टपरी राहिली.

आणि आता म्हणे ती काढून टिनाचं शेड आणि सेल्फी पॉइंट करायचा आहे. "भाऊ, जुनं प्लास्टिक आहे म्हणतेत, भंगारात पण कोणी घेणार नाही," काकू म्हणाल्या. मला राहवलं नाही, तिथंच बोलत बसलो.

जुनं प्लास्टिक म्हणून जे हसण्यावारी नेतात त्यांनी जरा ऐका. अशीच एक टपरी युगोस्लाव्हियात होती, के-६७ नावाची, स्लोव्हेनियाच्या साशा मेख्तिग यांनी १९६६ मध्ये डिझाइन केली, फायबरचीच, पेपर विकायला, खाण्याचं दुकान टाकायला, तिकीट द्यायला, ७५०० च्या आसपास बनल्या आणि एक आज न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. चहाटपरीच्या मापाची वस्तू आहे ती! फिनलंडच्या मात्ती सूरोनेन यांनी १९६८ मध्ये फ्युतुरो नावाचं उडत्या तबकडीसारखं घर काढलं, १६ तुकडे जोडून ८ मीटर व्यासाचं, शंभरही बनले नाहीत कारण १९७३ मध्ये तेल महागलं आणि तेलासोबत रेझिन पण (फायबर घट्ट करणारा चिकट रस, तो तेलापासूनच बनते). फ्लोरिडात पेन्साकोलाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यातलं एक अजून उभं आहे, खारी हवा, वादळं सगळं खाऊन. आणि तैवानच्या किनाऱ्यावर सानझी इथं अशाच रंगीत तबकड्यांची पूर्ण वसाहत होती, ती २००८ च्या शेवटी पाडायला घेतली, आता फक्त फोटो पाहायचे.

मजबुतीचं म्हणाल तर अमेरिकेत डिस्नेलँडमध्ये मोन्सँटो कंपनीचं प्लास्टिकचं घर होतं, १९५७ चं. दहा वर्षांनी पाडायला लोखंडी गोळा आणला तर तो आपटून परत आला, मग साखळ्या आवळून तुकडे करत बसले, दोन आठवडे लागले.

आपल्याकडे अडचण अशी की केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात स्मारक व्हायला वास्तू निदान १०० वर्षं जुनी लागते. दगडाचं मंदिर तेवढं थांबू शकते, पाळीवरची टपरी कशी थांबणार, तिला तर पुढचं टेंडर निघेपर्यंतच आयुष्य. म्हणून आपण गावातल्यांनीच म्हणायला पाहिजे की हे आमचं आहे. एका काळी लोकांना वाटत होतं की उद्याची घरं साच्यातून निघतील, आणि त्या काळाचा एक तुकडा आपल्या धानाच्या मुलखात येऊन पडला, मामा तलावाच्या काठावर, ही काही छोटी गोष्ट नाही.

तिच्यात खराबी आहे, ती पण सांगतो. कोणीतरी वरून ऑइल पेंट मारलाय तो पोपडे होऊन निघून राहिला. खिडकीचा ॲक्रेलिक पिवळा पडला. आतली प्लायवूडची जमीन सडली, पायाचे बोल्ट गंजले, आणि दुपारी बारानंतर आत भट्टी होते, काकू बिचाऱ्या बाहेर झाडाखाली बसतात. पण यातलं काहीच फायबरचं दुखणं नाही. पेंट घासून काढायचा, उन्हानं भुरभुरलेला जेलकोट (फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर) पॉलिश कागद मारून नवा चढवायचा, दाराजवळ वीतभर चीर आहे तिथं आतून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचे तीन थर, वरती उष्णता बाहेर जायला एक खिडकी हवेची. चार दिवसांचं काम. टिनाच्या शेडपेक्षा किती तरी स्वस्त पडेल, आणि मे महिन्यात टिनाखाली बसून पाहा एकदा.

पावसाळ्यात रेझिन नीट धरत नाही, त्यामुळे आता हात लावता येत नाही. काकूंना सांगून आलोय, दिवाळी झाली की माझा पोरगा आणि मी सामान घेऊन येतो, मजुरी नको, शिंगाडे द्या. ग्रामसभेत कोणी ओळखीचं असेल तर तोवर टपरी हलवू नका एवढं सांगा. सकाळी सातला उघडते, बोंडे दहापर्यंत संपतात.